मधल्या भिंतीचं पोट

भोसरी गावठाणातल्या रंगरावच्या घरात, मधली खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला पोट आलं, ते पहिल्यांदा यशोदाबाईंच्या लक्षात आलं. चौऱ्याहत्तर सालचा डिसेंबर होता. भिंतीला टेकवून ठेवलेली ट्रंक आठवड्यात दोनदा पुढे सरकलेली दिसली, तेव्हा त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

रंगराव औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये तपासनीस होता. केसाएवढा फरक असला तरी पार्ट बाजूला काढणारा माणूस. त्याने ओळंबा सोडून पाहिला. छातीच्या उंचीवर भिंत अडीच इंच बाहेर आली होती. छताची तुळई याच भिंतीवर टेकलेली, आणि तुळईखाली त्याच्या दोन मुली झोपायच्या. त्याने अंथरुणं पुढच्या खोलीत हलवली आणि दिघीच्या रस्त्याला राहणाऱ्या गिरजाबाईंना बोलावणं धाडलं.

गिरजाबाई बीडकडच्या. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला म्हणून इकडे आल्या आणि बापाकडून शिकलेलं गवंडीकाम करू लागल्या. बाई गवंडी म्हणून आधी लोक हसले. पुढे तेच लोक त्यांना शोधत यायला लागले.

त्यांनी हातोडीच्या दांड्याने भिंत वीत-वीत वाजवत नेली. प्रत्येक ठोक्यानंतर थांबायच्या, ऐकायच्या.

"दोन तोंडं हायत दगडाची, मधी चीप भरलेली, बारक्या दगडाची," त्या म्हणाल्या. "दोन्हीला धरून ठिवणारा आरपार दगड एकबी न्हाई. मोरीचं पाणी आत मुरलं, चीप खाली बसली, आन् पुढचं तोंड सुटलं."

रंगरावला पटलं. असं नेमकं निदान त्याने इंजिनियरच्या तोंडूनही क्वचित ऐकलं होतं.

पण भिंतीच्या पोटावर ठेवलेला तळवा गिरजाबाईंनी उचलला नाही. "इथं ऊब लागतीय," त्या म्हणाल्या. चूल समोरच्या भिंतीला होती. "भाऊ, आदी फुगायची थांबलीय का बघा. चालत्या भिंतीला हात लावायचा नसतो."

रंगरावने वर्कशॉपच्या साहेबांना विचारून केसाएवढी हालचालही काट्यावर दाखवणारा डायल गेज घरी आणला. गुरुवारी वसाहतीची सुट्टी. एकही मशीन चालू नव्हतं. भर दुपारी त्याने स्टँड फरशीवर घट्ट बसवला आणि गेजचं टोक पोटाला लावलं.

काटा सावकाश तीन घरं पुढे गेला. थांबला. तितक्याच सावकाश मागे आला. मग पुन्हा पुढे.

रस्त्याने गाडी जात नव्हती. त्याने गेज बाहेरच्या भिंतीला लावून पाहिला. काटा जागचा हलला नाही. परत आणून पोटाला लावला आणि घड्याळ धरलं. मिनिटाला चौदा वेळा. त्याने आकडा वहीत लिहिला. शेऱ्याची जागा कोरी ठेवली.

गिरजाबाईंनी ते ऐकून घेतलं. "म्हंजी फुगत न्हाई. जाऊन माघारी येतीय," त्या म्हणाल्या. "मग काम करता येईल."

भिंतीच्या दोन्ही अंगांना त्यांनी तुळईखाली बल्ल्यांचे टेकू दिले, खाली-वर फळ्या घातल्या, आणि पाचर हलक्या हाताने ठोकत गेल्या. तुळई दोराभर उचलली गेली तेव्हाच थांबल्या. छताचा भार टेकूंवर आला होता. मग पुढच्या तोंडाचे दगड वरून एकेक काढायचे, प्रत्येकावर कोळशाने आकडा घालायचा. रंगराव रजा टाकून हाताखाली उभा राहिला. लेथवरचे कसबी कामगार त्याने पुष्कळ पाहिले होते. न तोलता वजन ओळखणारे असे हात पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी छातीच्या उंचीवर चीप संपली. आत पोकळी होती. गुडघे पोटाशी घेऊन एक माणूस बसेल एवढी.

रंगरावने बॅटरी टाकली. आत काही नव्हतं. धूळ नव्हती, कोळ्याचं जाळंही नव्हतं. मागचे दगड उंबऱ्यासारखे गुळगुळीत झाले होते. तोंडावर कोमट हवा आली.

"भरून टाका," तो म्हणाला.

"न्हाई. मोकळं हाय तेवढं मोकळंच ठिवते. भार दोन्ही अंगांनी खाली नेते."

त्यांनी मोरीचा उतार फिरवला. पोकळीच्या दोन्ही बाजूंना आरपार दगड घालून थर चढवले, वर लांब पाटदगड टाकला, आणि त्यावर भिंत तुळईपर्यंत नेली. पोकळीचं तोंड शेवटी बंद करायचं होतं. त्यातले चार थर संध्याकाळपर्यंत झाले.

सकाळी रंगरावने उरलेल्या फटीतून बॅटरी धरली. चारही थरांचे आतल्या बाजूचे सांधे चुन्याने भरलेले होते, एकसारखे.

"आतून सांधे कधी भरलेत?"

गिरजाबाईंनी वाकून बराच वेळ पाहिलं. "मी न्हाई भरले. माझा हात तिथवर पोचत न्हाई."

यशोदाबाई चहा घेऊन आल्या होत्या. कपबशा खाली ठेवून त्या बाहेर गेल्या.

शेवटचा दगड राहिला.

गिरजाबाईंनी त्याच्या कडांना चुना लावला, दगड निम्मा आत सरकवला आणि हातोडीसाठी हात मागे केला.

दगड आत गेला.

कुणी ठोकला नव्हता. भिंतीच्या ओळीसाठी ताणलेल्या सुतापाशी येऊन तो थांबला. ना पुढे, ना मागे.

सांध्यातून बाहेर आलेला जादा चुना हलला. हळूहळू, चारी बाजूंनी, आत ओढला गेला. मागे बारीक, सरळ रेघ उरली.



गिरजाबाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. एका गवंड्याने दुसऱ्याचं काम पाहावं तसं त्यांनी ते पाहिलं.

"हात बसलेला हाय," त्या म्हणाल्या, आणि थापी पाण्याच्या बादलीत टाकली.