पहिली फोड

माझी स्कूटी हेमंतच्या टोपलीवर गेली तिथूनच सगळं सुरू झालं. आमच्या चिखलोलीच्या सोसायटीचं गेट, आणि गटारात लोळणाऱ्या त्याच्या वांगणीच्या गावठी काकड्या!

"नुकसान भरून देते," मी म्हटलं.

"नको. एक खाऊन तर बघा…" म्हणाला, आणि हसला. झालं, गेले मी कामातून.

तेव्हापासून दर रविवारी काकडी घेते. घरी आई कोशिंबीर करून करून वैतागलीय. 'आपल्या भागातलं खावं, ताजं असतं,' असं सगळ्या बायका म्हणतात. मीही तेच म्हणते… खोटारडी कुठली!

सोसायटीनं त्याला महिनाभर बसू दिलं होतं. माल खपला तरच पुढे बसायचं, आणि काल शेवटचा रविवार. मी नटूनथटून खाली उतरले, तर समोर बी विंगची राजसी! हेमंतनं काकडीचा देठ कापला, घासून फेस काढला, मीठ लावलं आणि पहिली फोड दिली तिला. तिला!

"अय्या, काय गोड आहे हो!" ती डोळे मिटून म्हणाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

मग त्यानं मला फोड दिली. गोडच होती. तरी मी मोठ्यांदा म्हटलं, "शी! कडूजहर!"

शेजारच्या शीलाकाकूंनी पिशवीतल्या काकड्या परत टोपलीत टाकल्या. "मॉलमधलंच बरं बाई!" बाकीच्याही वळल्या. एकीनं घेतलं की दहा जणी घेतात, एकीनं नाक मुरडलं की संपलं.

हेमंतनं माझ्या हातातली उरलेली फोड घेऊन खाल्ली. "गोड आहे, यशोधरा," तो हळूच म्हणाला. "आता पुढच्या रविवारी मी नसणार."

मी शीलाकाकूंमागे धावले.

"काकू, थांबा! काकडी गोड आहे. मी खोटं बोलले."

"का गं?"

"का म्हणजे… यानं पहिली फोड हिला दिली! जळले मी! झालं समाधान?"

हेमंतचे कान लाल.

"देठाकडची फोड कधी कधी कडू निघते," तो पुटपुटला. "म्हणून तुम्हाला मधली ठेवतो… नेहमीच."

"म्हणजे माझ्यावर प्रयोग?" राजसी किंचाळली, आणि मग सगळ्याच हसत सुटल्या.

हेमंतनं टोपली शीलाकाकूंपुढे सरकवली. "काकू, सगळ्या घ्या ना. मला आज लवकर घरी जायचंय."

"एवढी कसली घाई रे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आईला सांगायचंय."