आखूड पलंग

पहिल्यांदा खटकलं ते पलंगाचं. नमुन्याच्या घरात मी सहज आडवी झाले आणि माझे पाय घोट्यापासून पुढे बाहेर लोंबले.

"ताई, पलंग आखूड आहे का गं?"

"पलंग बरोबर आहे, तूच जिराफ आहेस," रुओलानताई म्हणाली. घरं विकणं हे तिचं काम, आणि ती माझी सख्खी आतेबहीण. मी हसले. कॉलेजात शिकलेली मी, पण पलंगाला टेप लावून बघावं एवढं सुचलं नाही. आईबाबांनी शेनयांग शहरातलं जुनं दोन खोल्यांचं घर विकून सगळे पैसे तिच्या हातात दिले. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून तिथलं सामान मुद्दाम लहान बनवून घेतात, हे मला फार उशिरा कळलं. ताईला तेव्हाच माहीत होतं. परक्याने फसवलं असतं तर मी भांडले तरी असते.

नंतर घराचा ताबा मिळेना, नुसते हेलपाटे. मग या हिवाळ्यात तिचा निरोप आला, 'घर तयार आहे. तांदूळ घेऊन ये.' नव्या घरात आधी तांदळाचं मडकं जातं, मग माणसं. ते मडकं छातीशी धरून मी दुपारीच पोचले. आईबाबा गाद्या-भांड्यांचा टेम्पो घेऊन मागून येत होते.

फाटकावरचे म्हातारे पहारेकरी, लुआनकाका, मडक्याकडे बघून हसत सुटले.

"राहायला? इथे? अगं पोरी, एकेकाने दहा-दहा घरं घेऊन ठेवलीत, भाव चढला की विकायला. अख्ख्या इमारतीत एक चूल पेटलेली नाही."

"पण संध्याकाळी खिडक्यांत दिवे दिसायचे की..."

"ते मीच लावायचो. खालून, एका बटणाने. गिऱ्हाईक येणार असलं की." त्यांचं हसू थांबलं. ते जवळ आले. "महिने झाले वीज तोडून. तरी अकराव्यावर एक दिवा लागतोच. मी नाही जात वर. तूही..."

अकरावा मजला आमचा.

लिफ्ट बंद होती. जिन्यात धुकं शिरलं होतं, ओल्या सिमेंटचा वास होता. मजल्यामागून मजला, दारांवरचा प्लास्टिकचा कागद तसाच. कुठे रेडिओ नाही, खोकला नाही. फक्त मडक्यात तांदूळ सळसळायचे, आणि मी थांबले तरी क्षणभर सळसळतच राहायचे...

आमच्या दारावरचा कागद फाडलेला होता.

आत तेच नमुन्याचं घर. तोच पलंग, तीच प्लास्टिकची सफरचंदं. नळ होता, त्याला पाइप नव्हता. खोल्यांना दारंच नव्हती. सगळं नुसतं बघण्यासाठी केलेलं. वास मात्र ताज्या भाताच्या वाफेचा येत होता. उंबऱ्याशी सपातांचे चार जोड, माझ्या तळहाताएवढे. तीन कोरे, लाल फितीने बांधलेले. चौथा वापरून मळलेला, त्यावर हिरवा गोंडा. ताई ऑफिसात घालायची त्या सपातांना असाच गोंडा होता.

उशीवर खळगा पडला होता. मी हात लावला. ऊबदार...

मडकं हातातून निसटलं. आधी आईला फोन लावला. लागेना. बाबांचाही लागेना. मग ताईला लावला. नुसती रिंग. परत लावला.

आत स्वयंपाकघरात कुणीतरी हलकेच भांड्यावर झाकण ठेवलं.

मी मागे सरकत गेले. गुडघ्यांमागे पलंगाची कड लागली आणि मी उताणी पडले, तशीच सरपटत मागे गेले, डोकं उशीला टेकलं. रिंग वाजतच होती. उठावं म्हणून पायांकडे बघितलं.

पाय गादीवरच होते. अंगठ्यांच्या पुढे वीतभर गादी उरली होती.

फोन उचलला गेला.

"आता मावतेस ना गं?" ताईचा आवाज अगदी बारीक, तोंडात घास असल्यासारखा. "मामा-मामी निघाले का?"