रिकाम्या काट्यावर

२०२२ सालची गोष्ट. आमचे हे, पंढरी, शिमग्यानंतर गेले आणि भातझोडणी झाल्यावर किन्हवलीची आमची भातगिरण पुन्हा उघडली. मुलगा शेखर कल्याणला नोकरीला. त्याला गिरण विकायची होती. सून स्नेहलने एका हंगामाची मुदत मागून घेतली होती.

गिरणीतला वजनकाटा जुना. त्याची वायर लॅपटॉपला बसेना, म्हणून तिने शहापूरहून कन्व्हर्टर आणला. एका टोकाला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट, दुसऱ्या टोकाला यूएसबी.

"आई, आधी ड्रायव्हर टाकायचा. मग कॉम पोर्टचा नंबर मिळतो. मग बॉड रेट, म्हणजे बोलायचा वेग. दोघांचा एकच पायजे, नायतर नुसता कचरा उमटतो."

"तुझं नि शेखरचं तसंच हाय," मी म्हटलं. ती हसली.

पहिल्या सकाळी गावातले धाऊभावजी भाताचा टेम्पो घेऊन आले, पण पोती उतरवेनात.

"आधी कोन उभं ऱ्हानार?"

ती ह्यांची रीत होती. रोज चप्पल काढून आधी स्वतः काट्यावर उभे राहायचे. पंढरीचं वजन बासष्ट, हे गावाला ठाऊक. तो आकडा आला की मगच पोती.

"काका, आता काटा थेट लॅपटॉपला जोडलाय."

"लॅपटॉपला कोन वलखतो गो? मी मुरबाडला नेतो भात."

मागचे टेम्पोही वळायला लागले. स्नेहलचा चेहरा उतरला.

तेवढ्यात लॅपटॉपवर आकडा उमटला. ६२.०

काटा रिकामा होता. त्याचे स्वतःचे लाल आकडे शून्यच दाखवत होते.

स्नेहलने वेग तपासला. पोर्टचा नंबर तपासला. शेवटी कन्व्हर्टर उपटून हातात घेतला.

लॅपटॉपवरच्या यादीतून पोर्ट गेला. आकडा राहिला.

धाऊभावजींनी चष्मा पुसून पाहिलं. मग चप्पल काढली.

"पंढरी उभा हाय. उतरू दे त्याला. मंग घाला पोती."

कोणी हललं नाही. कोंड्याचा वास दाटला होता.

काट्याची लोखंडी पाटी करकरली.

आकडा शून्य झाला.

शेखरने विकायचा विषय परत काढला नाही. धाऊभावजी गेल्या पावसाळ्यात गेले. गिरण स्नेहल चालवते. सकाळी आधी काट्यावर मी उभी राहते. लाल आकडे माझं वजन दाखवतात, लॅपटॉप आम्हा दोघांचं. पहिल्या वर्षी मी अठ्ठेचाळीस होते, आता एकेचाळीस.

लॅपटॉपवर अजून एकशे दहाच येतात.