विहिरीतली ओ

ही गोष्ट घडलेली आहे. ज्यांच्या घरात घडली ती माणसं आजही गिरगावात राहतात, आणि मी दर रविवारी त्यांच्याकडे जातो. वाडीचं नाव मात्र सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

आणखी एक. भुताच्या गोष्टीला रात्र लागते, अमावस्या लागते, कुत्री रडावी लागतात. इथे तसलं काही नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना... आणि टळटळीत दुपार.

श्रेया माझी मावसबहीण. बँकेत नोकरी, लग्नाचा विषय निघाला की कानावर हात, आणि घरात ती आणि कांतामावशी, दोघीच. तिला वेड एकच. इंटरनेटवर तो ज्ञानकोश आहे ना, ज्यात कुणीही लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं, त्यात ती मराठी लेख लिहायची. हौसेने. सुट्टीचा दिवस त्यातच जायचा. मी तिला चिडवायचो, की एवढी मेहनत नवरा शोधायला केली असतीस तर.

कांतामावशीची एक सवय होती. श्रेयाने बाहेरच्या खोलीतून "आई" म्हटलं, की हाक पुरी व्हायच्या आत स्वयंपाकघरातून "ओ" यायची. लिहिता लिहिता श्रेया उगाचच हाक मारायची.

"आई..."

"ओ."

"काही नाही."

"मग गप लिही गो. माझे हात कणकेत आसत."

ही ओ लक्षात ठेवा.

ज्ञानकोशावर राजाराम म्हणून एक जुने संपादक होते. श्रेया नवीन असताना तिला पहिला स्वागताचा संदेश यांनीच पाठवला होता. संदर्भ कसा द्यायचा, दुसऱ्याचं लिखाण खोडताना चार शब्द नीट कसे बोलायचे, सगळं त्यांनी शिकवलं. प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही, पण दोघांनी मिळून गिरगाव, परळ, लालबागवर ढीगभर लेख उभे केले. श्रेया त्यांना काका म्हणायची.

एका लेखाला मात्र काका तिला हात लावू देत नव्हते. तो लेख श्रेयाच्याच वाडीवरचा होता.

लेख त्यांनीच सुरू केलेला. डोक्यावर पाटी, "येथे काम चालू आहे, कृपया बदल करू नये." अशी पाटी तास-दोन तासांसाठी लावतात, दोघांची कामं एकमेकांत अडकू नयेत म्हणून. यांची पाटी वर्षानुवर्षं तशीच होती, आणि काम काही होत नव्हतं. श्रेयाला वाटलं, म्हातारा विसरला असेल. तिने पाटी काढली.

संध्याकाळच्या आत ती परत लागली.

वाडीच्या मधोमध एक विहीर आहे. म्हणजे होती. आता वर सिमेंटचा स्लॅब आहे, त्यावर स्कूटर लागतात, गणपतीत मांडव पडतो. जुनी माणसं सांगायची, पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत एक बाई तिच्यात पडली. नाव विचारलं की विषय बदलायची. "तुला काय करायचंय?" म्हणायची.

श्रेयाला करायचं होतं ना! ग्रंथालयात एका जुन्या वर्तमानपत्रात तिला दोन ओळी सापडल्या. साल, वाडी... आणि त्या बाईचं नाव.

तिने ते लेखात घातलं. ते उडालं. परत घातलं. परत उडालं. मग चर्चापानावर, सगळ्यांदेखत, जुंपली.

"नाव नको," काकांनी लिहिलं.

"का नको? संदर्भ दिलाय मी."

"मी सांगतोय म्हणून."

श्रेया भडकली. "काका, कुणी सांगतंय म्हणून इथे काही चालत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. एक बाई मेली आणि अख्ख्या वाडीने तिचं नाव गिळलं. मी ते तिला परत देतेय. नाव काढायला तुमच्याकडे काय संदर्भ आहे?"

संदर्भ आला नाही. नाव मात्र पुन्हा गेलं.

एकच बदल कुणी सारखा सारखा उलटवत राहिलं तर त्याचं खातं काही दिवस बंद करतात. श्रेयाने तक्रार केली. खरं तर तीही तेच करत होती, पण तिच्या हातात छापील पुरावा होता आणि म्हाताऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. सगळे तिच्या बाजूने झाले. काकांचं खातं बंद झालं. त्याआधी त्यांनी तिच्या पानावर एक ओळ टाकली होती.

"पोरी, निदान मोठ्याने वाचू नकोस."

आता अशी ओळ वाचल्यावर माणूस काय करतो? श्रेयाने त्या रविवारी लेख पुरा केला, मावशीला खुर्चीत बसवलं आणि पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला.

विहिरीपर्यंत आली. नाव वाचलं.

खालून आवाज आला...

"ओ..."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. श्रेया गॅलरीत गेली. खाली कुणी नव्हतं. स्लॅबवर तीन-चार स्कूटर उन्हात तापत होत्या.

"कोणाक तरी कोणीतरी हाक मारली असतली," मावशी म्हणाली.

पण हाक कुणीच मारली नव्हती. नुसती ओ आली होती.

लेख लोकांना फार आवडला. ज्ञानकोशाच्या पहिल्या पानावर एक निवडक लेख ठेवतात, तिथे तो लागला. श्रेया हरखून गेली. मलाही फोन करून सांगितलं. मी वाचला. नावासकट.

त्याच दिवशी दुपारी वाडीत ओ सुरू झाली.

आधी स्लॅबखालून. दबलेली, ओली. मग थोडं थांबून जिन्यातून... मग गॅलरीतून.

मग दाराबाहेरून.

श्रेयाने दार उघडलं. गॅलरी रिकामी. वाळत घातलेले कपडेसुद्धा हलत नव्हते.

आणि तिच्या पाठीमागे, स्वयंपाकघरातून...

"ओ."

"आई, मी हाक नाही मारली गं."

"मी खंय ओ दिली?" मावशी म्हणाली. तिने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. "श्रेया, माझा तोंड आपोआप उघडला गो."

श्रेयाने त्याच क्षणी काकांना मेल केला. त्यांचा पत्ता आला. दुसऱ्या दिवशी बँकेला दांडी मारून ती शीव कोळीवाड्याला गेली.

राजारामकाका दारातच उभे होते. वाळलेले, चष्म्याला दोरी. तिला पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"घरात कुणाला?"

"आईला," श्रेया म्हणाली आणि रडायला लागली.

काकांचा जन्म त्याच वाडीतला. त्यांनी सांगितलं ते असं. ती बाई पाय घसरून विहिरीत पडली होती, पण मेली नव्हती. कठड्याभोवती लोक जमले. तिचं नाव घेऊन हाका मारू लागले. ती आतून ओ देत होती. तिला पटकी झाली होती, म्हणून कुणी खाली उतरलं नाही. दुपारभर लोक हाका मारत राहिले, ती ओ देत राहिली. दिवेलागणीला ओ थांबली.

"पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी बोलता बोलता तिचं नाव घेतलं," काका म्हणाले, "आणि विहिरीतून परत ओ आली. तेव्हापासून नाव बंद. ओ देत राहायला तोंड लागतं, पोरी. तिला तोंड नाही. मग ती जवळचं कुणाचं तरी घेते. माझ्या आत्याचं घेतलं होतं."

"मग... आत्या बरी झाली?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"किती दिवस चाललं, काका?"

"मरेपर्यंत. शेवटी शेवटी कमी झालं होतं. नाव माहीत असलेली माणसंच संपत आली होती ना. लेख अडवून ठेवला तो त्यासाठीच."

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"काय सांगू? संदर्भ काय देऊ?"

श्रेयाने तिथेच बसून फोनवरून नाव काढलं. पण ज्ञानकोशात पुसलं असं काही होतच नाही, प्रत्येक जुनी आवृत्ती इतिहासात राहते. हे ती स्वतः नवीन लोकांना अभिमानाने शिकवायची. प्रचालकांच्या, म्हणजे तिथल्या कारभाऱ्यांच्या, हातापाया पडून तिने त्या आवृत्त्याही लपवून घेतल्या. तोवर लेख दहा ठिकाणी उचलला गेला होता. कुणीतरी विहिरीवर रील केली होती. सुरुवातच त्या नावाने होती, आणि नाव चांगलं ताणून घेतलं होतं.

त्या दिवशी कांतामावशीचा घसा बसला. तरी ओ थांबली नाही.

डॉक्टर झाले. गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. मावशीला महिनाभर माझ्याकडे दादरला आणलं. तिथेही तेच. जेवताना घास तोंडात असतो, मध्येच मान वर होते, "ओ." मग ती दाराकडे बघत राहते, कुणी येतंय का म्हणून. कुणीतरी खाली उतरेल म्हणून. कुणी येत नाही. मान खाली जाते.

आता त्या घरी गेलं की मला बसवत नाही. मावशी गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून स्लॅबकडे बघत असते. "आई" म्हटलेलं तिला ऐकू येत नाही. कांता म्हटलेलंही नाही. श्रेया पायाशी बसून कितीदा हाक मारते. आई. आई गं. काही नाही.

गेल्या रविवारी मी जिना चढत होतो. दार उघडंच होतं. आतून श्रेयाचा आवाज आला. हळू, लाडात, पूर्वी लिहिता लिहिता मारायची तशी हाक.

पण ती "आई" म्हणत नव्हती.

ती ते नाव घेत होती.

"ओ," मावशी म्हणाली.

मी दारातच थिजलो. श्रेयाने माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

"दुसऱ्या कशालाच ओ देत नाही रे ती," ती म्हणाली. "मी काय करू?"

मी तसाच जिना उतरून खाली आलो. 

नाव मी इथे लिहिलेलं नाही. पण ते मला माहीत आहे, आणि हे लिहिताना ते जिभेवर येतंय. मनात घेतलेलं तिला ऐकू जातं की नाही, हे काकांनाही सांगता आलं नाही.

तुम्ही शोधाल. माणसं शोधतातच. शोधलंत तर एवढं करा... मोठ्याने वाचू नका. आणि दुपारी तर नकोच.

मावशीचा तेव्हा कुठे जरा डोळा लागलेला असतो.