नेटजवळचे सहा मंगळवार

ती आली होती धाकट्या भावाला घरी न्यायला. खेळण्याचा विचार तिच्या स्वप्नातही नव्हता.

भावाचा घोटा मुरगळला होता. पॅडलच्या, म्हणजे काचेच्या भिंतींत जोडीजोडीनं खेळायच्या टेनिससारख्या खेळाच्या कोर्टवर तो पाय पसरून बसला होता आणि त्याचा जोडीदार गुडघे टेकून घोट्यावर बर्फ धरून होता. तो व्यवसायाने फिजिओ, आणि सगळे त्याला हाकही तशीच मारायचे. ती तोंडाचा पट्टा सोडतच आत शिरली.

"ओरडा नंतर... आधी हे धरा," फिजिओ म्हणाला. बर्फाची पिशवी देताना बोटांना बोटं लागली. बर्फ एवढा गार, तरी तिचे कान तापले.

"सामना अर्धा राहिलाय," भाऊ कण्हत म्हणाला. "ताई खेळेल की! कॉलेजात बॅडमिंटन गाजवायची."

झालं! रॅकेट हातात आली. पहिलाच उंच चेंडू तिने जीव खाऊन हाणला. तो टप्पा घेऊन मागच्या काचेवर आदळला आणि असा उसळून आला, की पलीकडच्या दोन काकांपैकी एकाने तो हसत हसत परतवला. असं तीनदा झालं.

"जोरात मारलं की काच त्यांच्याच मदतीला धावते," फिजिओ हळूच म्हणाला.

"मग काय, चेंडूला कुरवाळू?"

"कुरवाळाच."

आणि बाई गं, काय खेळायचा तो! नेटपासून थोडा मागे, गुडघे जरासे वाकलेले, रॅकेट छातीसमोर. हात मागे न्यायचाच नाही. चेंडू आला की एक पाऊल पुढे आणि एवढासा धक्का... चेंडू कोपऱ्यात टप्पा घ्यायचा, काचेला टेकायचा आणि तिथेच मान टाकायचा. ना घाई, ना आरडाओरडा. ती बघतच राहिली, आणि त्या नादात तिचे स्वतःचे दोन चेंडू हुकले.

घोटा बरा होईपर्यंत भावाच्या जागी तीच खेळणार असं ठरलं. दुसऱ्या मंगळवारी फिजिओने विचारलं, "तुम्ही दातांच्या डॉक्टर ना? दात काढताना हात एवढा मागे नेता?"

"छे! पेशंट खुर्चीसकट पळेल."

"मग या चेंडूनं तुमचं काय घोडं मारलंय?"

ती खो खो हसली, आणि पुढचा चेंडू तिने हात न उगारता नुसता ढकलला. कोपऱ्यातच मेला तो! फिजिओने रॅकेटवर टाळी दिली. मग तो एकेक शिकवत गेला. डोक्यावरून चेंडू गेला तर दोघांनी मागे जायचं, संधी मिळताच दोघांनी पुढे यायचं. नेट ज्यांचं, सामना त्यांचा. तिसऱ्या मंगळवारी 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणालाच कळलं नाही.

आज सहावा मंगळवार, आणि शेवटचा. पुढच्या आठवड्यात भाऊ परत खेळायला येणार होता. मग तिला इथे यायला निमित्त कुठलं? ती प्रेमात पडली होती, अगदी आकंठ. आणि हा शहाणा मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला!

शेवटचा गुण. उंच, सोपा चेंडू समोर आला. तिचा हात शिवशिवला... पण तिने तो हळूच कोपऱ्यात ठेवला. परत आला, परत ठेवला. पाचव्यांदा तिने मधोमध ढकलला. पलीकडचे दोघे काका एकमेकांकडे बघत राहिले आणि चेंडू मधून निघून गेला.

"जिंकलो!" ती ओरडली. फिजिओ चेंडूकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता.

बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "एक सांगायचंय. तू रागावशील..."

"सांग तर."

"तुझ्या भावाचा घोटा... दोन आठवड्यांपूर्वीच बरा झालाय. मीच म्हटलं, अजून जप. आजवर कुठल्या पेशंटशी खोटं बोललो नाही गं. पण तो आला असता तर तू आली नसतीस." त्याने रॅकेट बाजूला ठेवली. "आवडतेस तू मला. फार."

तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"परवा तो दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरला. मीच दरडावलं, मुकाट्यानं बस, फिजिओ सांगतात ते ऐक!"

"म्हणजे... तूसुद्धा?"

"मीसुद्धा. केव्हाची!"

तिने तिथूनच भावाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडून अशी काही आरडाओरड झाली की तिने फोन कानापासून लांब धरला.

"ओरडू नकोस. पुढच्या मंगळवारी खुशाल ये," ती म्हणाली. "फक्त जोडीदार दुसरा शोध. हा मी ठेवून घेतलाय."

फिजिओच्या कानाच्या पाळ्या लालेलाल झाल्या. तिने फोन बंद केला आणि त्याचा हात हातात घेतला.