मण्याचं बटण

कोकिळेला टेप हवा होता, पण गाणी ऐकायला नव्हे. आळीतल्या बाया आपापल्या लेकरांना काजळ-तीट लावून स्टुडिओत नेत, फोटो काढत, मग ते फोटो हातोहात फिरत. एखादा कोकिळेच्या हाती आला की तिला लागे तो नुसता गुळगुळीत कागद. सातवीची परीक्षा दिली त्याच उन्हाळ्यात तापात तिचे डोळे गेले होते.

"मले फोटो काय करायचा?" ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्या पोराचा आवाज ठेवून द्या मले. मोठा झाला का मंग हा आवाज कुठं सापडन?"

खुशाल हिंगणघाटला कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. हंगाम संपला तसा तो तिला घेऊन बाजारात ओमप्रकाशच्या रेडिओ-टेपच्या दुकानात गेला.

पहिला टेप नवाकोरा होता. कोकिळेनं त्याच्यावरून बोटं फिरवली आणि परत सारला. "बटनं सारी सारखीच हायेत याची. कोणतं वाजवायचं, कोणतं आवाज भरायचं, मले कसं समजन?"

"भरने का लालवाला है, भाभी."

"शेठ, तिले लाल काय अन् हिरवं काय," खुशाल हसला.

दुकानदार जरा थांबला. मग आत गेला, काही सरकवल्याचा आवाज आला, आणि त्यानं दुसरा टेप आणून तिच्या मांडीवर ठेवला. चामड्याच्या कव्हरातला, खांद्याला अडकवायचा. कोकिळेनं झाकण उघडून आत बोट घातलं. चक्री फिरली की बोटाला कळत होतं. बटणं मोठी होती, प्रत्येकाचा खटका वेगळा. आणि शेवटच्या, आवाज भरायच्या बटणावर लाखेचा टिपका होता. त्या लाखेत काहीतरी गोल, कठीण बसवलेलं. गळ्यातल्या पोतीला हात लावून पाहायचीही तिला गरज पडली नाही. काळा मणी होता तो.

"हे कोणं लावलं?"

"कंपनीतूनच येते तसं."

कंपनी कशाला पोतीतला मणी लावेल? तिनं कव्हर नाकाशी नेलं. वेखंडाचा वास आला. बाळाच्या टाळूला लावतात तो.

"कोण्या बाईचा होता हा? तिले दिसत नव्हतं का?"

"अरे, नया ही समझो, भाभी," ओमप्रकाश म्हणाला आणि उगीच खोकला.

कोकिळा नवऱ्याच्या कानाशी लागली. "अवो, हा माणूस खरं नाई बोलून राह्यला."

"तुले तं साऱ्या जगाचाच शक! दूधवाल्याचा शक, माह्या मायचा शक. घ्यायचा का नाई, ते सांग."

तिला नको म्हणायचं होतं. पण बोट केव्हाचं त्या मण्यावर जाऊन टेकलं होतं. न शोधता. जसं काही त्याची जागाच ती होती.

टेप घरी आला.

घर गावाच्या कडेला, वेणा नदीच्या अंगाला. मागं भाजीची वाडी, वाडीत बिनकठड्याची विहीर. खुशालची आई, कुसुमबाई, वांगी-मेथी घेऊन बाजारात बसायची. कोकिळेची पहिली दोन लेकरं अंगावर पीत असतानाच गेली होती. म्हणून तिसरं झालं तसं कुसुमबाईनं त्याला उकिरड्यावर ठेवलं, आपणच उचललं आणि हाक मारली उकंड्या. खरं नाव बारशाला आत्यानं कानात सांगितलं तेवढंच. शाळेत जाईपर्यंत ते कोणी तोंडावर आणायचं नाही, असा कुसुमबाईचा दंडक. उकिरड्यावरचं पोर कोणाला हवं असतं? चांगल्या नावाचं मात्र कोणीही हाक मारून नेतं.

आता तो दुडूदुडू चालत होता. आईला कळावं म्हणून त्याच्या पायात घुंगरांचे वाळे होते. छुम छुम म्हणजे लेकरू जवळ आहे. गप्प झालं की कोकिळा हातातलं टाकून चाचपत निघे.

सासू बाजारात गेल्यावर एका सकाळी तिनं मणी आणि शेजारचं वाजवायचं बटण दोन बोटांनी एकदम दाबलं. पोरगा चालला, बडबडला, "माय... भुर्र..." बाहेर कावळा दोनदा ओरडला. मग तिला वाटलं, मोठा झाल्यावर त्यानं आपलं नाव आईच्या तोंडून ऐकावं. टेपाला थोडेच कान असतात! ती जाळीशी वाकली आणि हळूच म्हणाली, "जयवंत... तुहं नाव जयवंत. मोठा झाला का ऐकजो."

मग तिनं ते वाजवून ऐकलं. घुंगरू, माय, भुर्र, कावळा, तिचा आवाज. पुढं नुसती सर्र... आणि मग जाळीला अगदी तोंड लावून बोलावं तशी एक बाई, हळू, लाडानं...

"जयवंत..."

कोकिळेनं बटण बंद केलं. भरताना खोलीत कोणी नव्हतं. का होतं? कुसुमबाई दाराआड उभी राहिली असेल?

संध्याकाळी तिनं सासूला विचारलंच. "आत्याबाई, तुमी त्याचं नाव घेतलं का?"

"माही जीभ झडन!" कुसुमबाई कडाडली. "मी मनातही घेत नाई. काऊन वं, तू घेतलं का?"

"नाई," कोकिळा म्हणाली.

खुशालनं टेप कानाशी धरून ऐकला. "काई नाई. सर्र करते नुसतं."

आता कोणावर भरवसा ठेवायचा? सासूवर, नवऱ्यावर, का आपल्याच कानांवर? तिनं टेपातले सेल काढले, सासूच्या लोखंडी पेटीत टाकले आणि टेप खुंटीला टांगला.

वैशाख लागला. अशाच एका भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसतं अशा वेळी, कोकिळा मेथी निवडत बसली होती. नवरा बाहेर, सासू बाजारात. खोलीत पोरगा खेळत होता. छुम छुम... थांबायचा. परत छुम छुम. तिचे हात निवांत चालले होते.

बाहेर कावळा दोनदा ओरडला.

तिचे हात थांबले. घुंगरांच्या आवाजाखाली आणखी काहीतरी होतं. बारीक... सर्र... आणि तो कावळा, तो तर...

"मोठा झाला का ऐकजो," खुंटीवरून तिचाच आवाज आला.

मेथी सांडली. ती दाराकडे धावली. दार उघडं होतं, उन्हाची झळ तोंडावर आली. कान देऊन ती उभी राहिली. लांब, वाडीच्या टोकाला, विहिरीच्या बाजूला... छुम... छुम. आणि त्याच्याही पुढून...

"ये... ये ना... जयवंत..."

"उकंड्या! अरे उकंड्या!" घुंगरू थांबले नाहीत. ती वांग्याच्या वाफ्यांतून पडत-उठत धावली. "उकंड्या, थांब रे बापू!" थांबले नाहीत.

शेवटी तिच्या तोंडून फुटलंच, "जयवंत!"

घुंगरू थांबले.

दोन्हीकडून एकच नाव. पोरगा मध्ये उभा. समोरून पुन्हा हळूच, "ये ना..." पण घुंगरू थांबले होते त्या रोखानं कोकिळेनं अंग झोकून दिलं. पायाखालची माती सुटली, खाली विहिरीत डुबुक झालं, आणि तिच्या मुठीत त्याच्या कमरेचा करदोडा आला. ती तिथंच, काठावर, त्याला छातीशी आवळून रडत बसली.

घरी आली तेव्हा टेप खुंटीला गप्प होता. तिनं मागचं झाकण काढून चाचपलं. आत सेल नव्हते.

दुसऱ्या दिवशी खुशाल तो परत करून आला.  ओमप्रकाशनं त्याला हातही लावला नाही. "वहीं बाहर रख दो," एवढंच म्हणाला.

"अन् कोकिळे," खुशाल पाय धुताना म्हणाला, "तू मणी मणी करत होती ना? त्या बटनावर काई नव्हतं. नुसती लाख उकरलेली."

 कोकिळा मांडीवर पोराला आडवं घेऊन तेल चोळत होती. पोट, मांड्या, पिंढऱ्या. उजव्या पायाच्या वाळ्यापाशी तिचं बोट आलं आणि तिथंच राहिलं. घुंगरांच्या ओळीत एक घुंगरू नव्हतं. त्या जागी लाखेचा टिपका होता. त्यात काहीतरी गोल, कठीण.

नखानं काढून टाकावं म्हणून तिनं जोर दिला. मणी निघाला नाही. बटणासारखा बोटाखाली दबला...

खट्.

पोरगा हात-पाय हलवायचा थांबला. आणि कोणीही हाक मारली नसताना म्हणाला, "ओ."