किल्लीचे वीस फेरे

सुहासिनीवहिनींचं पत्र येऊन अकरा दिवस झाले होते. विद्याधरनं उत्तर दिलं नव्हतं.

हे मुलुंडला घडलं. सत्तावन्न सालचा नोव्हेंबर, दिवाळी उलटून गेलेली. यात पदरचं काही घातलेलं नाही. घातलं असतं, तर निदान शेवटी कारण तरी सांगता आलं असतं.

विद्याधर शाळेच्या वाचनालयात कामाला. अबोल माणूस. थोरला भाऊ श्यामसुंदर बोरिवलीला राहायचा. घरात सगळे त्याला भाऊच म्हणत. दसऱ्याआधी भाऊनं वडिलांचं मनगटी घड्याळ विद्याधरकडे दिलं होतं.

"तुझ्या त्या पेडणेकरकडून साफ करून आण रे. इथं माझा कुणावर भरवसा नाही."

घड्याळ साफ झालं. आणि त्याच आठवड्यात भाऊ गेला. अचानक, छातीत कळ येऊन.

वहिनींनी लिहिलं होतं, 'भावोजी, जाताना हे सारखं डावं मनगट चाचपत होते. घड्याळ तुमच्याकडे आहे, एवढंच म्हणाले. मला दुसरं काही नको, ते तेवढं हवं आहे. दुकानातून मिळालं का, कळवा.'

मिळालं होतं. विद्याधरच्या टेबलाच्या खणात होतं.

लहानपणी तापात पडला असताना वडिलांनी तेच घड्याळ त्याच्या कानाला लावलं होतं. पुढे ते थोरल्याकडे गेलं. विद्याधर त्यावर कधी काही बोलला नाही. आता मात्र देववेना. 'दुकानातून हरवलं' असं लिहायला त्यानं दोनदा कागद घेतला. दोनदा फाडला.

आणि मग एका संध्याकाळी...

दिवेलागण झाली होती. कुंदा, त्याची बायको, स्वयंपाकघरात वात लावत होती. विद्याधर पुस्तक वाचत बसला होता.

कर्र... कर्र... कर्र...

आवाज खणातून येत होता.

किल्लीचा.

त्यानं नकळत मोजलं. वीस फेरे. मग शांत.

भाऊ रोज दिवेलागणीला किल्ली द्यायचा. वीस फेरे. ना एक कमी, ना एक जास्त.

त्यानं खण उघडला. आठ दिवस कुणी हात न लावलेलं घड्याळ... चालू होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कुंदा आतून ओरडली, "अहो, पिळून पिळून तोडाल ते!"

विद्याधरच्या दोन्ही हातांत पुस्तक होतं.

सकाळी तो पेडणेकरच्या दुकानात गेला. "यातली स्प्रिंग काढून टाका."

पेडणेकरनं डोळ्यावरचं भिंग वर केलं. "काय मास्तर, बरं आहे ना? झकास चालतंय की!"

"म्हणूनच."

"स्प्रिंग काढली तर किल्ली नुसती फिरत राहील. भरणारच नाही."

"फिरू दे. बंद पडलं म्हणजे झालं."

पेडणेकरनं स्प्रिंग काढून एका कागदाच्या पुडीत बांधली. काटे जागीच थांबले. विद्याधरला जरा हायसं वाटलं.

दिवे लागले.

कर्र... कर्र...

तो मोजू लागला. अठरा. एकोणीस. वीस.

एकवीस...

आवाज थांबेना.

पन्नास. शंभर. किल्ली भरतच नव्हती. फिरवणारा आधी सावकाश फिरवत होता. मग घाईनं. मग... काहीतरी चुकलंय हे कळल्यासारखा थांबला.

विद्याधरनं श्वास रोखला.

पुन्हा पहिल्यापासून. एक. दोन. तीन...

कुंदा दारात उभी होती. पदर तोंडाशी.

"भाऊच आहेत ना हे?" ती हळूच म्हणाली. "काय केलंत तुम्ही त्यांच्या घड्याळाचं?"

 त्यानं एकदम सगळंच सांगून टाकलं. पत्र, फाडलेले कागद, स्प्रिंग.

"वहिनी तिकडे रोज पोस्टमनची वाट बघत असतील," कुंदा म्हणाली. "तुम्हाला लाज नाही वाटली?"

दुकान उघडायच्या आधीच तो पायरीवर जाऊन बसला. पेडणेकरनं घड्याळ उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"मास्तर, काल मी स्वतः बघितलं होतं. किल्लीच्या चाकाचे दाते धडधाकट होते. आज पार झिजलेत." त्यानं मान वर केली. "कोण फिरवत होतं हो?"

विद्याधर म्हणाला, "चाक नवं घाला. स्प्रिंग आत बसवा. रविवारच्या आत हवंय."

तिथूनच तो पोस्टात गेला. उभ्या उभ्या कार्ड लिहिलं.

'ती. वहिनींस सा. न. वि. वि. घड्याळ माझ्याकडेच होतं. द्यावंसं वाटलं नाही, म्हणून उत्तर दिलं नाही. रविवारी घेऊन येतो. क्षमा करावी.'

बाकीचं कसं लिहायचं, ते त्याला सुचलं नाही. लिहावं की नाही, तेही कळलं नाही. वहिनींच्या घरीही दिवेलागण होणारच होती... आणि त्या आता एकट्या होत्या.

पेटीच्या तोंडाशी त्याचा हात अडखळला.

मग त्यानं कार्ड आत सोडलं.